पितृपक्षातलं साक्षगंध आणि हाडमोड्या ताप

आमचं साक्षगंध पितृपक्षात झालं, आणि तेही ठरवून. पुण्या-मुंबईकडे ज्याला साखरपुडा म्हणतात त्याला आम्ही वऱ्हाडातले लोक साक्षगंध म्हणतो. पितृपक्षात आमच्याकडे कोणी नवा झाडूसुद्धा घरात आणत नसे. अमरावतीच्या आमच्या राजापेठेतले कापडवाले ते पंधरा दिवस दुकानात नुसत्या माशा मारत बसायचे. अशा वेळी माझे वडील शेजारच्या काकूंकडे पंचांग मागायला गेले. आमच्या घरात पंचांग नव्हतंच.

"मास्तर, तुमाले कायले पायजे पंचांग?" काकूंना नवल वाटलं. "तुमी तं मानत नाई ना?"

"वाईट दिवस पाहाचा हाय," बाबा म्हणाले. "चांगला कोनीबी पाह्यते."

आणि त्यांनी त्यातला सगळ्यात वाईट आठवडा शोधला, त्यातला रविवार धरला आणि मुलाकडच्यांना अकोल्याला निरोप धाडला.

बाबा शाळेत विज्ञान आणि गणित शिकवायचे. छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा देव गेले, गंडे गेले, नवस गेले, आणि त्याबरोबर शुभ-अशुभही गेलं. पुष्कळ लोक असं सगळं सोडून मोकळे झाले. बाबांना मात्र नुसतं सोडून भागत नसे, त्यांना ते रोज सिद्ध करायचं असे. मांजर आडवं गेलं की ते सायकलवरून उतरत, मांजर गेलेल्या जागेवरून शांतपणे चालत जात आणि पुन्हा सायकलवर बसत. त्यामुळे शाळेत उशीर झाला तरी त्यांना चाले.

त्यांची मोठी बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच राहायची. तिनेही दीक्षा घेतली होती आणि मनापासून घेतली होती. पंचशील ती आमच्यापेक्षा खणखणीत म्हणायची. पण जुनी भीती तिच्या मनात लुगड्याच्या घडीसारखी बसलेली, कितीही झटका, खूण दिसायचीच. पितृपक्षाचं ऐकून ती कपाळाला हात लावून बसली. "दीक्षा घेतली, कबूल. पन म्हून काय मुद्दाम खड्ड्यात उडी घ्याची?" बाबा म्हणाले, "खड्डा हाय का नाई, हेच तं पाहाचं हाय." आमची माय डाळ निवडत राहिली. या बहीण-भावाच्या भांडणात न पडण्याची तिची जुनी रीत होती.

माझं म्हणाल तर मला तारखेशी काही देणंघेणं नव्हतं. मला नवऱ्याशी होतं. आता या वयात सांगायला लाज कसली? मला तो मुलगा मनापासून आवडला होता. त्याच्या आधी जे जे पाहून गेले, त्यांचं एकच, शिक्षण आता पुरे. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असे. एकाला तर मी चहाच्या कपाबरोबरच विचारलं होतं, तुमचं स्वतःचं शिक्षण कितव्या वर्गात पुरे झालं? तो चहा अर्धा टाकून गेला. मामाने मग अकोल्याचं हे स्थळ आणलं. मुलगा पाटबंधारे खात्यात कारकून, वडील नाहीत, घरी फक्त आई. पाहायला आला तर म्हणतो, "पुढं काय शिकाचं हाय तुमाले?" मी म्हटलं, बी.ए. पुरं करायचं, मग मास्तरकीचं शिकायचं. तर म्हणे, "मंग अकोल्याच्या कॉलेजात नाव टाकू. घरून पाच मिनिटाची वाट हाय." एवढं बोलून तो निघाला आणि जाताना डाव्या पायात उजवी चप्पल घालून पायऱ्या उतरला. तेव्हाच माझं ठरलं. हा जर हातचा गेला असता तर मी पुन्हा चहाचे कप घेऊन कोणासमोर गेले नसते.

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला पोचलो. बाबा, माय, आत्या, मामा, मी आणि नात्यातली दोघंतिघं. त्यांचं घर शहराच्या कडेला होतं. त्या बाजूच्या विहिरींचं पाणी खारं. खारपाणपट्टा म्हणतात त्या मुलखाला. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चहा केला तर पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून गोडं पाणी बैलगाडीवरून टाकीने आणायचं आणि घरात साठवायचं. त्यांच्या पडवीत एका भिंतीला लागून मोठमोठे रांजण ओळीने पुरलेले होते, गळ्यापर्यंत जमिनीत. आम्ही येणार म्हणून माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी आठवडाभर आधीपासून ते काठोकाठ भरून ठेवले होते. झाकणं काढून ठेवली होती, का, तर पाहुण्यांना दिसावं की पाण्याची ददात नाही.

आणि त्या भागातली पद्धत अशी, की ज्याला मान द्यायचा त्याला रांजणांच्या शेजारी बसवायचं. भादव्यातलं ते ऊन, घामाने अंग चिकचिक झालेलं, अन् रांजणांची ती गार जागा. सतरंजी अंथरली, वर चादर टाकली आणि आमची सगळी फौज तिथे स्थानापन्न झाली. सकाळपासून दिवे लागेपर्यंत आम्ही तिथेच. वंदना तिथे झाली, साडी तिथे दिली, पेढे तिथे वाटले, पाटवडीचं जेवण तिथे झालं. आणि तिथेच आम्हाला डासांनी फोडून खाल्लं.

काळे, पायांवर पांढरे पट्टे असलेले. आवाज नाही की काही नाही, गुपचूप घोट्याला यायचे. आत्या जेवता जेवता एका हाताने पोटऱ्या खाजवत होती. शेवटी ती म्हणाली, "इहीनबाई, तुमच्या घरी दिवसा मच्छर?"

"थे काई करत नाई," सासूबाई म्हणाल्या. "वाईट असते थे रातचे, हिवतापवाले. त्याईच्यासाठी फवारनीवाले येऊन गेले. हे दिवसाचे गरीब हाय बिचारे."

त्या गरिबांनी पुढच्याच आठवड्यात आमचं घर आडवं केलं.

आधी बाबा पडले. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातातून गळाला. घरी आणलं तर अंगात ताप मावत नव्हता. डोळ्यांच्या मागे कोणी अंगठे रोवून बसलंय असं म्हणायचे. पाठीचा एकेक मणका दुखत होता. दुसऱ्या दिवशी आत्या. ती तर कुशीवर वळतानाही ओरडायची, "अवं माय वं! कोन मोडून राहिलं माये हाडं!" तिकडे मामाही त्याच्या घरी पडला. मलाही ताप आला, पण कसला तो ताप! दोन दिवस डोकं दुखलं, तोंड कडू झालं, तिसऱ्या दिवशी उठून मी भाकरी मागितली. आणि आमची माय, जिला त्या डासांनी आमच्याइतकंच खाल्लं होतं, ती उभीच. सगळ्यांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत हिंडत होती.

डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, बाबांच्या छातीवरचे लाल चट्टे पाहिले आणि म्हणाले, "हाडमोड्या ताप. डासांमुळे येतो. याने सहसा माणूस मरत नाही मास्तर, फक्त मेलो तर बरं असं वाटतं." लाल औषधाची बाटली दिली, तिला बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी डोसांच्या खुणेसाठी. औषधाने काही फरक पडला नाही, पण बाटली पाहून आत्याला बरं वाटायचं.

आता शेजारच्या काकू काही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. समाचाराला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "मी काई बोलत नाई बाप्पा. पन पंचांग माया घरचं होतं, म्हून इचारते. काहून झालं असंन?"

झालं. बाबांचा ताप तिथे एका अंशाने वाढला असेल. आणि खरी पंचाईत पुढेच होती. मामा बरा झाल्यावर अकोल्याला जाऊन आला आणि बातमी घेऊन आला की तिकडे एकाही माणसाला काही झालेलं नाही. तेच घर, तेच रांजण, तेच डास. सासूबाई टुणटुणीत, मुलगा टुणटुणीत, शेजारी-पाजारी सगळे आपापल्या कामाला. आत्या उशीवरून मान उचलून म्हणाली, "थे सगये उभे, आन् आपन सगये आडवे. काहून? सांग ना तू, लय शिकलेला!"

बाबा प्रश्नाकडे पाठ करून भिंतीकडे वळले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

मामा तेवढ्यावर थांबला असता तर बरं. पण त्याला एक वाईट खोड, जे ऐकलं ते सगळं सांगायचं. तो म्हणाला, "इहीनबाई मनत होत्या का पोरीकडचे लोक लय नाजूक दिसते. एका चाव्यात गारद. पोरगीबी तशीच असली तं मायं पोट्टं आयुष्यभर पट्ट्याच ठेवत बसन. मंग पुन्हा इचार करा लागन."

"नाजूक?" आत्या उठून बसली. हाडमोड्या तापातलं माणूस असं उठून बसलेलं मी नंतर कधी पाहिलं नाही. "आमी नाजूक? कापूस येचून हात फुटले आमचे! त्याईच्याच घरात काई तरी हाय. मोडा थे सोयरीक!"

आत्या ओरडते तेव्हा तिचं फारसं कोणी मनावर घेत नसे. पण बाबा हळू आवाजात बोलले, आणि ते हळू बोलले की मला धडकी भरायची. ते म्हणाले, "तेच डास, तीच जागा. त्यांना काही नाही आणि आपल्याला एवढं. याला कारण असलंच पाहिजे. ते कळल्याशिवाय मी पोरीला त्या घरात पाठवणार नाही. नाजूक म्हणून पाठवणार नाही, आणि पितृपक्षामुळे झालं असं लोकांनी म्हणावं म्हणून तर मुळीच नाही. आधी कारण, मग लग्न."

आता बघा माझं नशीब. लोकांच्या पोरींची लग्नं हुंड्यावर अडतात, पत्रिकेवर अडतात, मानपानावर अडतात. माझ्या लग्नाचं घोडं अडलं ते एका शास्त्रीय प्रश्नावर! एकच ताप एका घराला लोळवतो आणि दुसऱ्याला हात लावत नाही, तो का? मला इतका राग आला की मी मागच्या अंगणात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

बाबांनी मग अंथरुणातूनच शोध सुरू केला. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सवय असेल त्यांना." बाबांना हा शब्द मान्य नव्हता. सवय चहाची असते, तापाची कशी असेल? शाळेतले एक सहकारी म्हणाले, खारं पाणी पिऊन त्यांचं रक्त खारं झालं असेल, डासाला चव आवडत नसेल. बाबांनी दोन दिवस मीठ घालून पाणी पिऊन पाहिलं आणि ओकारी काढली. हेडमास्तरांचं मत पडलं की अकोल्याकडे तिखट जास्त खातात. आत्या म्हणाली, "आपल्या ठेच्यानं त्याईच्या डोयातून पानी काढलं होतं," आणि ते मतही बाद झालं. एक जण म्हणाला काळ्या मातीचा गुण. बाबांनी विचारलं, "आमची माती काय पांढरी आहे?"

दिवस चालले होते. मी कॉलेजात जायची, परत यायची, आणि बाबांच्या खाटेजवळ आज नवीन कोणतं कारण सापडलं ते ऐकायची. एकेक कारण बाद झालं की माझा जीव थोडा खाली जायचा. अकोल्याहून काही निरोप नव्हता. मामाने बाबांची अट तिकडे जशीच्या तशी पोचवली होती, हे मला माहीत होतं. खोडच ना त्याची.

मग एका दुपारी दारात टांगा थांबला. सासूबाई उतरल्या, मागून ते. तेव्हा ते 'ते' होते, 'हे' नंतर झाले. सासूबाईंनी ओसरीवर पाय ठेवताच सांगून टाकलं, "इवाई, कारन पाहाले आली मी. सापडलं का?"

बाबा भिंतीला टेकून बसले होते, अशक्त. आत्या तोंड फिरवून बसली. मी आतल्या खोलीत दाराआड. सासूबाईंनी सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि त्यांची नजर चहा घेऊन आलेल्या माझ्या मायवर थांबली.

"तुमी कशा उभ्या?" त्यांनी विचारलं. "तुमीबी तं होत्या रांजनापाशी."

"मले नाई आला ताप," माय म्हणाली. "लहानपनी येऊन गेला. मी दर्यापूरकडची ना. आमच्याकडेबी पानी खारं, घरोघर रांजन. पोट्टं चालाले लागलं का त्याले हा ताप येतेच. दोन-चार दिवस किरकिर करते आन् खेयाले पयते. मंग नाई येत. भाऊ मातर अमरावतीले आजीपाशी वाढला, म्हून थो पडला."

"अवं, आमच्याकडेबी तसंच!" सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. "ह्यालेबी आला होता, आंगनात लोळून रडे."

त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं. ते लाजले. भिंतीला टेकलेले बाबा मात्र ताठ झाले.

"हे तू मला सांगितलं का नाही?" त्यांनी मायला विचारलं.

"तुमी इचारलं कवा?" माय म्हणाली. "डाक्टरले इचारलं, हेडमास्तरले इचारलं. मीठ प्याले. मले तं फक्त पट्ट्या बदलाले सांगितलं."

बाबांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. त्यांच्या डोक्यात गणित मांडलं जात होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. लहानपणी येतो तेव्हा हलका येतो, आणि एकदा आला की पुन्हा येत नाही. म्हणून खारपाणातले सगळे लोक उभे. अमरावतीत आमच्या घराजवळ गोड्या पाण्याची विहीर, साठवण नाही, म्हणून आम्ही मोठे होईपर्यंत कोरे. मोठेपणी पहिल्यांदा आला, म्हणून आडवे. पितृपक्ष नाही, नाजूकपण नाही, पाण्याच्या साठवणीचा प्रश्न. त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला.

"पण मग ही?" ते म्हणाले. ही म्हणजे मी. "हीसुद्धा कोरीच होती. तिला दोनच दिवस ताप. आणि हिच्या आत्याला महिनाभर. एकाच घरातली, एकाच रक्ताची माणसं. हे कुठे बसतं?" आणि त्यांनी मान हलवली. "नाही. उत्तर अर्धंच आहे."

अर्धंच आहे! मला वाटलं, आता हे उरलेलं अर्धं शोधायला आणखी दहा वर्षं घेणार. दाराआड उभं राहणं मला शक्य झालं नाही. मी सरळ बाहेर आले. तेव्हा साक्षगंध झालेल्या मुलीने असं सासूसमोर येऊन उभं राहणं म्हणजे काय होतं हे आजच्या मुलींना सांगून कळायचं नाही. आत्याने तोंडावर हात ठेवला.

"बाबा," मी म्हटलं, "हा ताप एकदा आला की पुन्हा येत नाही ना? मग मला येऊन गेला की. आता मी यांच्यासारखीच झाले. अख्ख्या अमरावतीत त्या घरात पाठवायला माझ्याइतकी पक्की पोरगी तुम्हाला मिळणार नाही. आणि नाजूक म्हणाल," हे मी सासूबाईंकडे वळून म्हटलं, "तर तिसऱ्या दिवशी मी भाकर खाल्ली. दोन खाल्ल्या."

मला वाटलं, आता संपलं. मग सासूबाई हसायला लागल्या. आधी हळू, मग पोट धरून.

"इवाई," त्या म्हणाल्या, "पोट्टी बोलते तं सोया आने खरं बोलते. मी घेऊन जातो इले. बाकीचं अर्धं तुमी निवांत शोधा."

बाबा त्यांच्याच तर्कात अडकले होते. त्यांनी मग दोन अटी घातल्या. एक, रांजणांवर फडकं बांधायचं आणि आठवड्याला ते रिकामे करून घासायचे. सासूबाईंना हे पटलं नाही, पण त्या हो म्हणाल्या. दुसरी अट, लग्न दिवाळीनंतरच्या अमावास्येला.

"अमावस्या चालन," सासूबाई म्हणाल्या. "दोन कंदील जास्त लावू."

आत्या एवढंच म्हणाली, "ह्या मानसाले आता पंचांग कोनी देऊ नका." पण लग्नात सगळ्यात जास्त तीच नाचली, दुखऱ्या गुडघ्यांनी. काकूंनी दुरून पाहिलं आणि आहेर मात्र चांगला केला.

मी अकोल्याला आले, पाच मिनिटांच्या वाटेवरच्या कॉलेजात नाव घातलं, बी.ए. झाले, शिक्षिका झाले. ह्यांना आयुष्यभर चपला उलट्या घालायची सवय राहिली. सासूबाई दर आठवड्याला रांजण घासताना बाबांच्या नावाने बोटं मोडायच्या, पण घासायच्या.

आणि साठीचं ते दशकही संपत आलं असताना, माझी पहिली मुलगी चालायला लागली त्या वर्षी, मला पुन्हा हाडमोड्या ताप आला. रांजण झाकलेले होते. पण शाळेतलं टाकं, शेजारचं पिंप, गावभरचे हौद कोण झाकतो? हा ताप पहिल्यासारखा नव्हता. हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर लाल ठिपके उठले, मला दवाखान्यात ठेवलं. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ज्या सासूबाई पट्ट्या ठेवत बसावं लागेल म्हणून घाबरल्या होत्या, त्याच माझ्या उशाशी पट्ट्या बदलत बसल्या. "नाजूक मनलं होतं ना मी, लागलं मायं तोंड," असं म्हणून त्या स्वतःवरच चिडत होत्या.

निरोप गेला तसे बाबा पहिल्या गाडीने आले. धोका टळला होता तेव्हा, प्यायलेलं पाणी माझ्या पोटात ठरायला लागलं होतं. ते खाटेजवळ स्टुलावर बसले. झोळीतून संत्री काढली, अजून हिरवीच, आंबट. एकेक फोड सोलून माझ्या हातावर ठेवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "एकदा आला की पुन्हा येत नाही, हे चूक निघालं. अर्ध्या उत्तरावर मी तुला इथे पाठवलं."

त्यांचे डोळे भरून आले होते. बाबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची इतकी माया आली आणि इतका रागही आला की दोन्हीमुळे माझ्या अंगात जरा बळ आलं.

"बाबा," मी म्हटलं, "पाठवलं नाही तुम्ही. मी भांडून आले."

ते हसले आणि त्यांनी उरलेली फोड स्वतःच्या तोंडात टाकली. आंबटपणाने त्यांचं तोंड वाकडं झालं.

बाबा जाऊन आता खूप वर्षं झाली. हेही गेले. माझी नात डॉक्टरकीचं शिकते. त्या तापाला आता डेंगी म्हणतात आणि त्याची भीती सगळ्यांना आहे. परवा ती अभ्यास करत होती तर मी तिला विचारलं, "काहून गं, एकच ताप एखाद्याला लोळवतो आणि दुसऱ्याला नाही?"

तिने मला नीट समजावून सांगितलं. या तापाच्या विषाणूचे चार प्रकार. एक येऊन गेला की तो पुन्हा येत नाही, पण दुसऱ्या प्रकारचा आला तर तो कधीकधी पहिल्यापेक्षा वाईट. मला तेच झालं असावं. लहानपणी पुष्कळांना हलका येतो, हेही खरं. आणि माणसामाणसात, मुलखामुलखात फरक असतो. काही लोकांची कातडी डास चावल्यावर फार चिडते, शरीराचे सगळे शिपाई तिकडे धावतात आणि विषाणू त्या शिपायांमध्येच शिरतो. घरातले सगळेच भांडायला दारात आले की चोराला आत शिरायला सोपं जातं, तसं. ज्यांच्या पूर्वजांनी अशा डासांच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या काढल्या, त्यातल्या काहींची कातडी म्हणे शांत राहते.

"मग मी पहिल्यांदा कशी सुटले?" मी म्हटलं. "चिडण्यावर असतं तर आमच्या घरात सगळ्यात आधी मीच जायला पाहिजे होते."

ती हसली. "आजी, खरं सांगू? पूर्ण उत्तर अजून कोणालाच माहीत नाही. शोध चालू आहे."

हे ऐकून मला जे हसू आलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं, उचकी लागली. ती घाबरून पाणी घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं, पंचांग, रांजण, मीठ घातलेलं पाणी आणि तिच्या पणजोबांची अट. आधी कारण, मग लग्न.

"म्हणजे," ती पुस्तक मिटून म्हणाली, "ते खरंच उत्तर मिळेपर्यंत थांबले असते तर?"

"तर मी आजही राजापेठेत चहाचे कप घेऊन बसले असते. तुझे आजोबा कुठे तरी दुसऱ्याच घरी उलट्या चपला घालत असते. आणि तू नसतीस."

ती म्हणाली, "म्हणजे मी अर्ध्या उत्तराची?"

"नाही बाई," मी म्हटलं, "तू अमावास्येची."